बिस्किटांच्या डब्यातील जर्मन कागद : एका युद्धकैद्याच्या टपालाचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका गावातून एक गृहस्थ माझ्याकडे पत्र्याचा जुना बिस्किटांचा डबा घेऊन आले, तेव्हा त्यांच्या मनात तीन प्रश्न होते : आतले कागद खरे आहेत का, त्यांना किंमत किती येईल आणि विकायचे नसतील तर ते टिकवायचे कसे. चौथा प्रश्न त्यांनी चहा संपल्यावर, जरा चाचरत विचारला. त्यांचे आजोबा मराठा पलटणीत होते, आफ्रिकेत पकडले गेले आणि १९४५ साली घरी परतले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. पण मधल्या काळात ते जर्मनीत नेताजींच्या फौजेत होते, असे थोरले काका सांगत असत, आणि डब्यातली आझाद हिंदची तिकिटे हा त्याचा पुरावा मानला जाई. ‘काका, हे कागदावरून सिद्ध होईल का?’ असा तो प्रश्न होता. जुन्या कागदांचा संग्राहक म्हणून चाळीसेक वर्षे घालवल्यावर माझा अनुभव असा आहे की, माणसे किंमत विचारायला येतात आणि त्यांना हवा असतो तो दाखला.

डब्यात पुढील वस्तू होत्या. जर्मन युद्धकैद्यांच्या टपालाची तीन छापील कार्डे, त्यांपैकी एक प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेले. त्याच प्रकारचे एक घडीचे पत्र, ज्याची एक घडी पार तुटून दोन तुकडे झाले होते. कैद्यांच्या छावणीत चालणाऱ्या सात छोट्या नोटा. अल्बमच्या एका सुट्या पानावर लावलेली आझाद हिंदची पाच तिकिटे. आणि गरुडाचे चिन्ह व झेप घेणारा वाघ छापलेले, १९४३ सालची तारीख असलेले एक भारदस्त प्रमाणपत्र. या सर्वांत घरच्यांना सर्वांत मोलाचे वाटत होते ते प्रमाणपत्र, त्यानंतर तिकिटे. कार्डे ‘कोणी वाचतही नाही अशी’ म्हणून तळाशी गेली होती. छपाईला उजळ आणि नीटनेटकी वस्तू लोकांना मौल्यवान वाटते आणि पेन्सिलीने लिहिलेली वाटत नाही, हे नेहमीचेच आहे.

येथे माझी एक चूक नोंदवणे भाग आहे. डबा उघडताच मी उत्साहाने सर्व कागद टेबलावर मांडले. ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या आत कोण अशा रीतीने ठेवलेले होते, याचे छायाचित्र आधी घेतले नाही. चार नोटा पत्राच्या घडीत होत्या असे त्या गृहस्थांना नंतर आठवले, पण कोणत्या चार, हे आता कोणालाच सांगता येत नाही. ज्या संग्रहाची किंमत ‘हे सर्व एकाच माणसाचे आहे’ या दुव्यावर उभी असते, तिथे क्रम मोडणे म्हणजे पुराव्याचा एक तुकडा फेकून देणे होय.

प्रमाणपत्र

सर्वांत आधी प्रमाणपत्र घेतले, कारण ते निकालात निघणे सोपे होते. खोली अंधारी करून त्यावर अतिनील दिवा धरला, तर कागद निळसर पांढरा चमकला. कागदाला असा उजाळा देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर, मुख्यतः १९५० च्या दशकापासून कागदात वापरली जाऊ लागली. त्यामुळे युद्धकाळातील कागद या दिव्याखाली मंद, पिवळट किंवा राखाडीच दिसायला हवा. चमक बाहेरूनही लागू शकते, उदाहरणार्थ जवळ ठेवलेल्या नव्या लिफाफ्याचा लगदा घासून किंवा कपडे धुण्याच्या साबणाच्या अंशातून, पण ती डागाडागांची असते. येथे सबंध पान एकसारखे उजळले होते. दहापट भिंगातून पाहिल्यावर काळी अक्षरे कागदात न मुरता वर बसलेली आणि त्यांच्या भोवती बारीक काळी धूळ उडालेली दिसली, जी टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंटरमधील भुकटीच्या, छपाईची खूण आहे. वाघाचा केशरी रंग तर निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांनी बनला होता. कागदाचा तपकिरी रंग चहाचा असावा, कारण तो घडीच्या आतही तितकाच गडद होता. वयाने तपकिरी होणारा कागद हवा आणि उजेड लागणाऱ्या कडांकडून आत काळवंडत जातो.

अक्षराच्या वळणावरूनही काही कळते, मात्र जपून. नाझी राजवटीने ३ जानेवारी १९४१ च्या एका परिपत्रकाने फ्राक्टुर हे जुने टोकदार वळण सरकारी वापरातून काढले आणि आंटिक्वा, म्हणजे साधे गोल रोमन वळण, प्रमाण केले. (ज्या छापील पत्रावर हा हुकूम निघाला, त्याचे शीर्षक मात्र फ्राक्टुरमध्येच होते.) हाती असलेले जुने छापील साठे पुढेही वापरले गेले, म्हणून १९४३ च्या कागदावर फ्राक्टुर दिसले एवढ्यावर तो खोटा ठरत नाही. तथापि एखाद्या नव्या संस्थेने १९४३ साली नव्याने छापलेला म्हणून सांगितला जाणारा नमुना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फ्राक्टुरमध्ये असेल, तर तो ‘जर्मन दिसावे’ म्हणून आजच्या कोणीतरी निवडलेला टंक असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. दिवा, भिंग आणि टंक या तिघांनी एकच उत्तर दिले. चौकशीअंती ते प्रमाणपत्र पाच-सहा वर्षांपूर्वी एका चुलतभावाने इंटरनेटवरून मागवून ‘आजोबांच्या वस्तूंत’ भर म्हणून टाकले असल्याचे समजले. त्याचा हेतू वाईट नव्हता. परंतु आणखी वीस वर्षांनी हे विचारायला कोणी उरले नसते, आणि खऱ्या कार्डांच्या शेजारी पडून पडून तेही खरे ठरले असते.

तिकिटे

आझाद हिंदची तिकिटे हा मराठी संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ ते फेब्रुवारी १९४३ या काळात जर्मनीत होते आणि तिथे आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय सैनिकांतून एक पलटण उभी राहिली, जी जर्मन सैन्यात ९५० वी भारतीय पायदळ रेजिमेंट म्हणून नोंदली गेली. याच सुमारास बर्लिनच्या राइक्सड्रुकराय या सरकारी छापखान्यात स्वतंत्र भारतासाठी म्हणून तिकिटे छापली गेली. त्यांची चित्रे वेर्नर आणि मारिया फॉन आक्स्टर-हॉयट्लास या दांपत्याची. जर्मन टपाल खात्याची अनेक तिकिटे काढणारे तेच दोघे. नांगरणारा शेतकरी, चरख्यावर सूत कातणारी स्त्री, जखमी सैनिकाची शुश्रूषा करणारी परिचारिका अशी ही सहा चित्रे आहेत. ती कधीही टपालात वापरली गेली नाहीत. म्हणूनच त्यांवर एखादा रुबाबदार गोल शिक्का मारलेला लिफाफा कोणी ‘वापरलेला नमुना’ म्हणून दाखवला, तर तो शिक्का मागाहून हौसेने मारला असे समजावे. त्याने किंमत वाढत नाही.

मूळ तिकिटे ग्राव्ह्यूर पद्धतीने छापलेली आहेत. या पद्धतीत चित्राबरोबर अक्षरेही अगदी बारीक जाळीतून येतात, त्यामुळे भिंगाखाली अक्षरांच्या कडा किंचित करवतीसारख्या दिसतात आणि सावलीचा भाग सलग, मखमली वाटतो. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा स्वच्छ आणि सावल्या सुट्या ठिपक्यांच्या असतात. डब्यातली पाचही तिकिटे या कसोटीला उतरली. ती दातेरी होती आणि डिंक शाबूत होता, पण प्रत्येकाच्या पाठीवर हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवण्याच्या कागदी पट्टीचा, उरलेला तुकडा होता.

आणि तिथेच थोरल्या काकांच्या कथेला तडा गेला. अल्बमचे पान भारतीय बनावटीचे, युद्धानंतरच्या कागदाचे होते आणि त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक आकडा लिहिला होता. रुपये आणि पैसे असे दशमान पद्धतीने. भारतात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. म्हणजे तिकिटांचे हे पान त्यानंतर कोणीतरी विकत दिले आणि विकत घेतले आहे. घरी विचारल्यावर आत्याबाईंना आठवले की, थोरले काका तरुणपणी मुंबईला नोकरीला असताना फोर्टातल्या पदपथावरून तिकिटे आणीत असत. तिकिटे खरी होती, बर्लिनचीच होती, फक्त आजोबांची नव्हती.

बाजाराच्या दृष्टीने ही तिकिटे दुर्मीळ नाहीत, कारण ती मोठ्या संख्येने छापली गेली आणि युद्धानंतर व्यापाऱ्यांच्या हाती गेली. साध्या दर्शनी किमतीची, हिंजचा डाग असलेली तिकिटे जर्मनीतील लिलावांत प्रत्येकी काही युरोंना जातात. जर्मनीत तपासनिसांचा बंड फिलाटेलिस्टिशर प्र्युफर हा संघ आहे आणि त्याच्या सदस्याचा निर्वाळा किमती तिकिटांसाठी आवश्यकच मानला जातो, पण या पाचांसाठी पाठवणी आणि तपासणी यांचा खर्च तिकिटांच्या किमतीच्या वर गेला असता. म्हणून ती तपासणीस पाठवू नयेत असे मी सुचवले.

छावणीच्या नोटा

जर्मन सैन्याच्या सरसेनापती कार्यालयाने काढलेल्या या नोटांवर बर्लिन, १५ नोव्हेंबर १९३९ अशी तारीख असते आणि त्या कैद्यांपुरत्या, छावणीत आणि ठरवून दिलेल्या विक्रीकेंद्रांतच चालतील असे स्पष्ट छापलेले असते. एक राइक्सफेनिगपासून दहा राइक्समार्कपर्यंत त्यांच्या सात किमती आहेत. कैद्याच्या हाती खरे चलन पडले तर पळून जाणे सोपे होईल, हा हिशेब त्यामागे होता. आपल्या डब्यातल्या सात नोटा केवळ एक, दहा आणि पन्नास फेनिगच्या होत्या, घामट, मऊ पडलेल्या, आणि त्यांच्या पाठीवर कोणत्याही छावणीचा शिक्का नव्हता. शिक्का असलेल्या नोटेला संग्राहक अधिक पैसे देतात आणि म्हणूनच नकली शिक्के रबरावर कोरून मारण्याचा धंदाही चालतो. बिनशिक्क्याची, वापरून झिजलेली नोट त्या मानाने निरागस असते. सुस्थितीतील कोऱ्या नोटा बाजारात भरपूर आहेत. या सातांची मी मिळून पाच ते सात हजार रुपये किंमत धरली.

कार्डे आणि पत्र

आता तळाच्या कागदांकडे येतो, ज्यांच्यासाठी हे सर्व लिहिण्याचा खटाटोप केला.

कार्डाच्या माथ्यावर ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’, म्हणजे युद्धकैद्यांचे टपाल, असे छापलेले आहे आणि उजवीकडे टपालखर्च माफ असल्याची सूचना आहे. १९२९ च्या जिनेव्हा कराराच्या ३८ व्या कलमाने कैद्यांचे टपाल सर्व शुल्कांतून मुक्त होते. आकार मोजला तर १४८ गुणिले १०५ मिलिमीटर भरला, म्हणजे जर्मनीत १९२२ पासून ठरलेल्या मापांतला ए-सहा. छापील अक्षरांचा दाब कार्डाच्या पाठीवर बोटाला लागतो आणि भिंगातून अक्षराच्या कडेला शाईची किंचित जाड कड दिसते. खिळ्यांच्या छपाईची ही ओळख होय. पत्राचा कागद मात्र वेगळा, एका बाजूने गुळगुळीत लेप दिलेला आहे. अदृश्य शाईने लिहिले तर तो लेप तिचे बिंग फोडी. शिपाई दर्जाच्या कैद्याला महिन्याला साधारण दोन पत्रे आणि चार कार्डे मिळत, ओळी छापलेल्या, मोजक्या. त्यामुळे अक्षर मुंगीएवढे झाले आहे.

मजकूर मराठीत, बालबोध लिपीत आहे. ‘इकडील क्षेम’, ‘तुमचे पत्र पावले नाही’, ‘रेडक्रॉसचे पार्सल मिळाले’, बैलांची विचारपूस, कोणाचे लग्न झाले का ते. भारतीय कैद्यांसाठीची पार्सले लंडनमधील इंडियन कम्फर्ट्स फंडातर्फे भरली जात आणि त्यांत पीठ, डाळ, मसाला असे आपल्या जिभेचे पदार्थ असत. सेन्सॉरच्या भीतीने याहून अधिक काही लिहिलेले नाही, आणि मला वाटते लिहिणाऱ्याला याहून अधिक लिहायचेही नसावे.

कार्डाची खरी माहिती छापील चौकटीत आहे : नाव, कैदी क्रमांक आणि छावणीचे नाव. दोन कार्डांवर एकच कैदी क्रमांक आहे. छावणी बदलली तरी कैद्याचा क्रमांक सहसा तोच राहतो, म्हणून क्रमांक जुळणे हा दोन्ही कार्डे एकाच माणसाची असल्याचा, हस्ताक्षराहूनही भक्कम पुरावा आहे. सर्वांत शेवटच्या कार्डावर एप्रिल १९४४ ची तारीख असून छावणीच्या जागी ‘फ्रॉन्टश्टालाग ३१५’ असे आहे. बाजूला ‘गेप्र्युफ्ट’, म्हणजे तपासले, असा जर्मन शिक्का आणि पलीकडे भारतातल्या सेन्सॉरचा शिक्का आहे.

फ्रॉन्टश्टालाग ३१५ ही छावणी पूर्व फ्रान्समध्ये एपिनाल या गावी होती आणि तिथे प्रामुख्याने भारतीय कैदी ठेवलेले होते. घरात असलेल्या लष्करी निवृत्तीच्या कागदावर आजोबांची पलटण ‘पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी’ अशी आहे. ही पलटण ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले तेव्हा ती ब्रिगेड तिथेच होती. टोब्रुकचे बहुतेक भारतीय कैदी इटलीच्या छावण्यांत गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जे सुटून जाऊ शकले नाहीत, त्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवले. पहिले कार्ड इटालियन छावणीतून आलेले असते तर त्यावरील छपाई इटालियन असती. आपली तिन्ही कार्डे जर्मन असल्यामुळे ती या हलवाहलवीनंतरची मानण्यास हरकत नाही.

जर्मनीत उभ्या राहिलेल्या पलटणीचे सैनिक जर्मन फेल्डपोस्टमधून, म्हणजे लष्करी टपालातून, पाच आकडी फेल्डपोस्ट क्रमांकाने पत्रे पाठवीत, कैद्यांच्या छापील कार्डांवरून नव्हे. १९४३ च्या उन्हाळ्याअखेर ती पलटण फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोर्दोजवळ गेली होती. तेव्हा एप्रिल १९४४ मध्ये एपिनालहून कैद्यांच्या कार्डावर पत्र लिहिणारा माणूस त्या दिवशी कैदी होता, पलटणीत नव्हता, एवढे हे कार्ड ठामपणे सांगते. काही जण पलटणीतून पुन्हा कैदेत गेले, म्हणून त्याआधी तो कधीच पलटणीत नव्हता असे मात्र ते सांगत नाही. कागद जिथे थांबतो तिथे आपण थांबावे. फेल्डपोस्टचा एकही लिफाफा, पलटणीच्या पगारपुस्तकाचे एकही पान डब्यात नाही, आणि पलटणीत गेलेल्यांपेक्षा न गेलेल्या भारतीय कैद्यांची संख्या कितीतरी अधिक होती.

हे सांगितल्यावर समोरचे गृहस्थ गप्प झाले. मग मी त्यांना एपिनालची पुढची हकिकत सांगितली. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी गावावर बाँब टाकले, ते छावणीवरही पडले, अनेक भारतीय कैदी मृत्युमुखी पडले आणि भिंती कोसळल्यामुळे उरलेल्यांपैकी शेकडो बाहेर निसटले. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत स्वित्झर्लंडची सरहद्द होती. शेतकऱ्यांनी दिलेल्या भाकरतुकड्यावर, रात्री चालत, पाचशेच्या आसपास भारतीय सैनिक ती ओलांडून गेले. त्यावर गृहस्थ म्हणाले, ‘आजोबा सांगायचे, आम्ही घड्याळांच्या देशातनं आलो. आम्हाला वाटायचं, गंमत करतात.’

आजोबा त्या पाचशेंत होते असे कार्ड सिद्ध करीत नाही. स्फोटाच्या काही आठवडे आधी ते तिथे होते, एवढेच सिद्ध करते. पण कैदी क्रमांक हाती असल्यामुळे जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या अभिलेखागारात त्यांच्या नावाची विचारणा करणे आता शक्य होते, आणि ती आम्ही केली.

किंमत

जुन्या टपालाची किंमत काढताना विक्रेत्यांनी मागितलेले आकडे पाहू नयेत, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे पाहावेत. कॅटलॉगातील आकडा हीसुद्धा एक कमाल मर्यादा समजावी. भारतीय कैद्यांची जर्मन छावण्यांतील कार्डे ब्रिटिश कैद्यांच्या मानाने थोडीच बाजारात येतात आणि एपिनालची त्याहूनही थोडी. भारतीय भाषेतील मजकूर, दोन्ही बाजूंचे सेन्सॉर शिक्के आणि जुळणारा क्रमांक असलेल्या शाबूत कार्डाला मी प्रत्येकी सहा ते दहा हजार रुपये धरले, तुटलेल्या पत्राला चार, आणि सर्व वस्तू निवृत्तीच्या कागदासह एकत्र राहिल्या तर त्या बेरजेच्या दीडपट. सुटी सुटी विकली तर हा वरचा भाग नाहीसा होतो. लॅमिनेट केलेल्या कार्डाची बाजारी किंमत मात्र शून्याच्या जवळ आहे.

विकण्याचा विचार असल्यास कायद्याची एक अट लक्षात घ्यावी लागते. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखिते, अभिलेख व कागदपत्रे किमान ७५ वर्षे जुनी असली की ती पुरावशेषांत मोडू शकतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९४४ ची पत्रे ही मर्यादा २०१९ मध्येच ओलांडून गेली. म्हणजे जर्मनीतल्या खरेदीदाराला पत्र टपालाने पाठवण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करणे आवश्यक ठरते. जर्मनीतील खरेदीविक्रीला आणखी एक बाजू आहे : तेथील दंडसंहितेच्या ८६ अ कलमाने स्वस्तिकासह नाझी चिन्हांचे सार्वजनिक प्रदर्शन प्रतिबंधित आहे, इतिहास आणि संशोधन यांना अपवाद ठेवून; म्हणून तिकडच्या लिलावांच्या छायाचित्रांत ती चिन्हे पट्टीने झाकलेली दिसतात. आपल्या कार्डांवर असे चिन्ह नाही. कुटुंबाने शेवटी काहीच न विकण्याचे ठरवले.

जतन

लॅमिनेट केलेले कार्ड हे या प्रकरणातील न भरून येणारे नुकसान आहे. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, ‘टिकावे म्हणून’, ते गरम प्लास्टिकमधून काढले गेले. उष्णतेने वितळलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो. तो सोलायला गेले तर पेन्सिलीची अक्षरे त्याच्याबरोबर निघून येतात. म्हणून कार्ड तसेच राहू देऊन, उत्तम प्रतीचे स्कॅन करून, वेगळ्या पाकिटात ठेवले. आपल्याकडे सातबाऱ्यापासून जन्मदाखल्यापर्यंत सर्वांना लॅमिनेट करण्याची जी सवय आहे, तिने जितके जुने कागद मारले तितके कसरीनेही मारले नसतील.

उरलेल्या कागदांत सर्वांत नाजूक बाब म्हणजे लिखाणाचे माध्यम. एक कार्ड साध्या पेन्सिलीने, दुसरे कार्ड आणि पत्र कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेले आहे. कॉपिंग पेन्सिलीत जांभळा रंग मिसळलेला असतो आणि पाण्याचा थेंब लागताच तो फुटून पसरतो. पत्राच्या कडेला कोण्या पावसाळ्यात असे एक जांभळे वर्तुळ उमटलेही आहे. त्यामुळे कागद धुणे, ओला करून सरळ करणे किंवा पाण्यातून आम्लता काढणे हे उपाय येथे बाद ठरले. तुटलेली घडी जोडण्यासाठी सेलोटेप वापरला नाही, हे कुटुंबाचे उपकारच आहेत. पुण्यातल्या एका अनुभवी कागद-संवर्धकाने पातळ जपानी कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या, जवळजवळ कोरड्या झालेल्या खळीने, अक्षरे टाळून मागच्या बाजूने लावल्या.

संग्राहक अशा वस्तू सहसा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घालतात, आणि नोटांसाठी व तिकिटांसाठी तेच योग्य आहे. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम मात्र नकोत, कारण त्यांतून सुटणारा तेलकट अंश छपाईला चिकटतो. पण पेन्सिलीच्या लिखाणासाठी पॉलिएस्टरही नको. त्यावर स्थिर वीज जमते आणि ती शिशाचे सुटे कण ओढून घेते. म्हणून कार्डे व पत्र आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवली आणि क्रमांक कागदावर न लिहिता घडीवर मऊ पेन्सिलीने लिहिला. पत्राच्या लेप दिलेल्या बाजूवर कोरा पातळ कागद घातला, कारण दमट हवेत असा लेप शेजारच्या पानाला चिकटून बसतो. सर्वांचे दोन्ही बाजूंनी, मोजपट्टी ठेवून, इंचाला ६०० बिंदूंच्या स्पष्टतेने स्कॅन केले. कुटुंबातल्या लोकांनी पाहायचे ते स्कॅनच. मूळ कागद हाताळायची वेळ आली तर स्वच्छ धुतलेल्या, पूर्ण कोरड्या हातांनी. सुती हातमोज्यांचा धागा तुटक्या कडेत अडकतो.

सातारी पावसाळ्यात एखाद्या खेड्यातल्या घराला संग्रहालयाचे तापमान राखा असे सांगण्यात अर्थ नाही. आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, ती लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, आत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, डांबराच्या गोळ्या अजिबात नाहीत, आणि गणपतीनंतर व दिवाळीनंतर एकदा उघडून पाहणे, एवढ्यावर आम्ही थांबलो. बिस्किटांचा डबा गंजला असल्यामुळे कागद त्यात परत गेले नाहीत, पण डबाही टाकू दिला नाही. तिकिटांचे पान वेगळ्या पाकिटात, ‘थोरल्या काकांनी १९५७ नंतर मुंबईत घेतलेली’ अशा चिठ्ठीसह ठेवले. नकली प्रमाणपत्राच्या पाठीवर ‘आधुनिक नक्कल’ असे लिहून तेही ठेवले, नष्ट केले नाही.

दिवाळीनंतर पेटी उघडली तेव्हा एक पुडी निळ्याची गुलाबी झाली होती, ती बदलली. कागदांवर नवा डाग नव्हता. जिनेव्हाहून अर्ज पोचल्याची नोंद आली आहे, उत्तर यायचे आहे. अर्जाची प्रत पेटीत, एप्रिल १९४४ च्या कार्डाशेजारी आहे.